लोखंडी बखर

‘बखर’ हा शब्द कानी पडला की माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला सभासद आठवतो, भाऊसाहेबांची बखर आठवते. परंतु दोन वर्षांपूर्वी ग्वाल्हेरजवळच्या एका शेतावर सकाळीच गडी ओरडला, ‘‘आज उस खेत में बखर चलेगी!’’ आणि मी चमकलो. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला, की तिकडे बखर म्हणजे आपला वखर. आमच्या बेळगाव भागात कानडी शेतकरी ज्याला कुंटे म्हणतो आणि मराठी शेतकरी कुळव म्हणतो, त्याच जातीचे हे अवजार. दुभाषी मुलखात राहणाऱ्या माणसाला अशा शब्दांची मौज अधिक वाटते. पण त्या दिवशी त्याच शेतावर मला दुसऱ्या अर्थाचीही एक बखर भेटली. ती लोखंडाची होती आणि चार चाकांवर उभी होती.

माझी थोरली बहीण ग्वाल्हेरला दिलेली. लष्करातल्या नई सडकेवर तिचे सासर. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जेथे पडला, तेथेच लष्कर हे शहर वसले, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या फौजेमागोमाग उत्तरेत गेलेल्या घराण्यांपैकीच हे एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि शेतावर बुंदेली मिसळलेली बोली. दाजींची थोडी जमीन झाशीच्या रस्त्यावर डबऱ्याजवळ आहे. तेथील पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर उभा आहे. मी गेलो त्या सुमारास दिल्लीकडचे एक संग्राहक तो पाहून गेले होते. किंमत चांगली देऊ केली होती. त्यांची अट नव्हती, पण इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. ट्रॅक्टरवर नंतर केलेले सगळे ‘उपद्व्याप’ काढून टाकायचे आणि तो कारखान्यातून निघाला तसा करायचा.

‘‘सांगा हेडमास्तर,’’ दाजी म्हणाले, ‘‘तुमचा इतिहास काय म्हणतो?’’

प्रश्न थट्टेत विचारला होता. पण त्याचे उत्तर देण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले.

तेलावर चालणारा ट्रॅक्टर अमेरिकेत जॉन फ्रोलिक याने १८९२ साली बनवला. तो सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आला तो १९१७ पासून, हेन्री फोर्डच्या फोर्डसनमुळे. या फोर्डसनला एक वाईट खोड होती. मागे बांधलेला नांगर खडकात अडकला, की पुढची चाके उचलली जात आणि कधीकधी यंत्र चालकाच्या अंगावर उलटे. यावर इलाज काढला आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन याने. त्याने नांगर साखळीने ओढण्याऐवजी तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला. नांगर अडला की वरची दांडी पुढे रेटली जाते. तो दाब हायड्रॉलिक यंत्रणेला कळतो आणि ती नांगर किंचित वर घेते. यंत्र उलटत नाही, उलट मागच्या चाकांना पकड मिळते. आज जगातला जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर याच तीन जोडांनी अवजार धरतो. फर्ग्युसन आणि फोर्ड यांनी १९३८ साली कागदावाचून केवळ हस्तांदोलनाने करार केला. पुढे तो कोर्टात गेला आणि १९५२ साली फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळून मिटला. दरम्यान १९४६ पासून दहा वर्षे इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे त्याचा करड्या रंगाचा ‘टीई-२०’ पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. दाजींचा ट्रॅक्टर हा त्यांतला एक.

आपल्याकडे लोखंड शेतात आले ते मात्र यंत्राच्या आधी, नांगराच्या रूपाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने काळ्या आईला विष बाधेल, अशी भीती शेतकऱ्यांना वाटली होती. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढच्या पिढीत तोच नांगर घराघरांत पोहोचला. नवे अवजार लोकांनी आधी नाकारले, मग पारखले आणि मग आपले केले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

यंत्राचे वेड ग्वाल्हेरलाही नवे नव्हते. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत अरुंद रुळांची छोटी रेल्वे धावली. जेवणाच्या मेजावर पाहुण्यांपुढे पदार्थ नेणारी त्यांची चांदीची आगगाडी तर प्रसिद्धच आहे. १९०५ साली त्यांनी सुरू केलेली जत्रा मूळची गुरांची. आज त्याच मेळ्यात लोक मोटारी घेतात. पण शेतात ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर उतरले ते स्वातंत्र्यानंतर. मध्य भारतातल्या लाखो एकर काळ्या जमिनीत काँस नावाचे गवत माजले होते. आपल्याकडे हरळी आणि कुंदा जसे बैलाच्या नांगराला दाद देत नाहीत, तसेच हे. मुळ्या खोल जातात. अमेरिकन सैन्याने युद्धानंतर मागे टाकलेली यंत्रे घेऊन केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन केली. उन्हाळ्यात खोल नांगरट करून मुळ्या वाळवायच्या, ही तिची रीत. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला दिलेल्या दुसऱ्याच कर्जाची, एक कोटी डॉलरची, रक्कम याच कामाच्या यंत्रांसाठी होती.

आणि १९५१ साली मध्य भारतात जमीनदारी व जहागिरी रद्द करणारे कायदे झाले. स्वतः कसलेली, म्हणजे खुदकाश्त जमीन तेवढी मूळ मालकाकडे राहायची होती. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वसुलाच्या वह्या पाहिल्या, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की आता शेती करणार कोण? अनेक कुटुंबे नोकरीसाठी इंदूर-मुंबईकडे वळली. दाजींच्या वडिलांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी एक वापरलेला फर्ग्युसन विकत घेतला आणि धोतर खोचून त्यावर बसले. नई सडकेवरच्या नातलगांनी नावे ठेवली म्हणतात. परंतु ती जमीन घरात राहिली, ती त्या ट्रॅक्टरमुळे.

आता त्या ट्रॅक्टरवरचे ‘उपद्व्याप’ पाहू.

मूळ इंजिन पेट्रोलवर सुरू करून, तापले की रॉकेलवर चालवायचे होते. रॉकेल रेशनवर, पेट्रोल महाग. तेव्हा सत्तरच्या दशकात लष्करातल्या एका मिस्त्रीने त्यात मद्रासच्या सिम्प्सन कंपनीचे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले. हे काम वरवर वाटते तितके सोपे नाही. या ट्रॅक्टरला वेगळी चौकट नसते; पुढचा आस इंजिनाला आणि इंजिन गिअरपेटीला, अशी ती पाठीच्या कण्यासारखी जोडणी. इंजिन बदलायचे म्हणजे कणाच बदलायचा. मिस्त्रीने जाड पत्र्याची जोडपट्टी कापून, भोके पाडून दोन परक्या यंत्रांची सोयरीक जुळवली. नवे इंजिन उंच, म्हणून बॉनेट चार बोटे उचलले. मागे पट्ट्याची पुली बसवली. तिच्यावर विहिरीचा पंप चाले आणि सुगीनंतर पिठाची चक्की. डबऱ्याकडे भात होतो, म्हणून चिखलणीसाठी लोखंडी जाळीची चाके वेल्डिंग करून घेतली. आणि डाव्या मडगार्डवर पाठ असलेली एक छोटी बैठक आहे. माझी बहीण नवी नवरी म्हणून पहिल्यांदा शेतावर निघाली, तेव्हा सासऱ्यांनी ती मुद्दाम करवून घेतली होती.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, की कारखान्याच्या पाटीवरील क्रमांकावरून हा ट्रॅक्टर कोणत्या वर्षी बनला एवढेच कळेल. बाकीचा सगळा इतिहास या डागडुजीत आहे. उचललेले बॉनेट हे तेलाच्या टंचाईचे कलम, पुली हे वीज नसलेल्या गावाचे कलम, जाळीची चाके हे गव्हाकडून भाताकडे वळल्याचे कलम. मोडी कागदाच्या समासात दुसऱ्या हाताने लिहिलेली ओळ आपण कधी खोडतो काय? उलट तीच आधी वाचतो.

हे केवळ आपल्याच कौतुकाचे बोलणे नव्हे. इंग्लंडात एसेक्स परगण्यातील जॉर्ज प्रायर या शेतकऱ्याला जड चिकणमातीसाठी मोठा ट्रॅक्टर हवा होता आणि तो मिळत नव्हता. त्याने दोन फोर्डसन घेतले, त्यांची पुढची चाके काढली आणि एकामागे एक जोडून टाकले. १९५८ पासून अर्नेस्ट डो यांच्या कंपनीने त्या धर्तीवर ‘ट्रिपल-डी’ बांधले, जेमतेम काही शे. आज संग्राहक लिलावात त्यांच्यामागे धावतात. म्हणजे एका शेतकऱ्याचा उपद्व्यापच दुर्मिळ वस्तू ठरला! एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरच. चाकांभोवती पट्टे चढवून आणि कापडी आडोसा बांधून. स्वीडनमध्ये महायुद्धाच्या टंचाईत जुन्या मोटारी कापून लोकांनी ट्रॅक्टर केले. आपल्या उत्तरेकडचा ‘जुगाड’ हा याच कुळातला.

आपल्या कायद्याची दृष्टी मात्र वेगळी आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठे फेरफार न झालेले वाहन तेवढे ‘व्हिंटेज’. नियम दुचाकी आणि खाजगी मोटारींसाठी आहे. शेतीच्या ट्रॅक्टरचा त्यात विचारच नाही. श्रीमंताची मोटार गॅरेजमध्ये मूळ रूपात राहू शकते. पण कष्ट करणारे यंत्र बदलल्यावाचून जगत नाही. ग्वाल्हेरची ती चांदीची गाडी राजवाड्याच्या संग्रहालयात चकचकीत आहे. खेड्यापाड्यांतली माणसे नेणारी छोट्या रुळांची श्योपूरची गाडी मात्र मार्च २०२० मध्ये थांबली. आपण काय जपतो आणि काय जाऊ देतो, याचा हा नमुना.

संग्राहकांची बाजूही सांगितली पाहिजे. ते नसते तर कितीतरी यंत्रे भंगारात वितळली असती. फरीदाबादला १९५९ साली बाहेर पडलेला पहिला देशी बनावटीचा आयशर, मुंबईच्या कांदिवलीतला बी-२७५, जर्मन कंपनीच्या साहाय्याने १९७४ पासून नाशिकला होणारे किर्लोस्कर, १९७४ चाच स्वदेशी आराखड्याचा स्वराज, पिंजोरचे एचएमटी. ट्रॅक्टरांच्या संख्येत जगात आघाडीवर असलेल्या या देशात जुन्या ट्रॅक्टरांची कदर करणारे फार थोडे. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, आणि त्या यंत्रांचे भाग आता जुन्या बाजारात शोधावे लागतात. एखादा नमुना कारखान्यातल्या रूपात हवाच. नाहीतर बदल कशात झाला, हे तरी कसे कळणार? माझा आक्षेप एवढाच, की टीई-२० लाखोंनी झाले आणि विलायतेत मूळ रूपातले पुष्कळ आहेत. नई सडकेच्या मिस्त्रीचा हा एकच.

हे सारे मी दाजींना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘हेडमास्तर, तुमचं खरं. पण पत्रा गळतो, मुलगा पुण्यात नोकरी करतो. मी गेल्यावर याला कोण बघणार? त्या माणसाकडे निदान छताखाली तरी राहील.’’

याचे उत्तर इतिहासाकडे नव्हते. माझ्याकडेही नव्हते.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. तिने सगळे ऐकले असावे. ‘‘द्यायचा तर द्या,’’ ती म्हणाली, ‘‘पण माझी बैठक काढायची नाही, एवढं त्यांना सांगा. आणि मिस्त्रींचं नाव कुठेतरी लिहा रे. दोन रात्री आपल्याकडे जेवून त्यांनी ते इंजिन बसवलं. कुणाला आठवतंय का आता?’’

दाजींना आठवत होते. त्या दुपारी आम्ही शेडमध्ये शाळेची एक दोनशे पानी वही घेऊन बसलो. कोणता भाग कोणी, कोणत्या साली, कशासाठी बदलला, ते दाजी सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. पहिल्या पानावर मिस्त्रींचे नाव. जेथे साल आठवेना तेथे ‘मोठ्या पुराच्या आदल्या वर्षी’ असे लिहिले. संग्राहकांना दाजींनी कळवले, की घ्यायचा तर आहे तसा घ्या, आणि वहीसकट घ्या. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. ट्रॅक्टर शेडमध्येच आहे; पत्रा मात्र या पावसाळ्यापूर्वी बदलला.

वाचकांपैकी अनेकांच्या गोठ्यामागे, मळ्यात, कुठे निपाणीकडे, कुठे बिदरकडे असे एखादे यंत्र गंजत उभे असेल. त्याचे जे करायचे ते खुशाल करा. विकण्यापूर्वी मात्र घरातल्या सर्वांत वडील माणसाला त्याच्याजवळ नेऊन बसवा आणि एक वही घ्या. लोखंड पुन्हा ओतता येते. ते माणूस उठून गेले, की ही बखर वाचून दाखवणारे कोणी उरत नाही.