पदवी आणि पुरावा

वादांत पुराव्याऐवजीं पदवी पुढें आली, कीं आम्हांस क्नोसॉसचे मृत्तिकापट्ट आठवतात. १९०० सालीं ते उकरणारे सर आर्थर एव्हन्स यांनीं त्यांवरील भाषा ग्रीक नव्हे असें ठरविलें. त्यांच्या अधिकारापुढें बहुतेक विद्वानांनीं मान तुकविली. १९५२ सालीं ती ग्रीकच असल्याचें दाखविलें मायकेल व्हेन्ट्रिस यांनीं. हे गृहस्थ व्यवसायानें वास्तुशिल्पज्ञ! पुढील वर्षीं ब्लेगन यांनीं पायलॉसचा एक पट्ट त्याच रीतीनें वाचला, तों तीन पायांच्या भांड्यांच्या चित्रांशेजारीं ‘तिरिपोदे’ हा शब्द निघाला.

पदवीधरांस हिणविणारे हा दाखला हौसेनें देतात. मात्र व्हेन्ट्रिस यांच्या वाचनास प्राचीन ग्रीकच्या ध्वनिनियमांचा आधार केंब्रिजच्या जॉन चॅडविक यांनीं दिला, एवढें ते सोयिस्करपणें गाळतात.