डच की जर्मन? : नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासाची साधने आणि अभ्यासकाची भाषानिवड

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकासमोर प्रथम साधनांचा प्रश्न उभा राहतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. साहजिकच जिल्ह्याच्या नावाचे जुने दप्तर नाही. जे आहे ते खानदेश, सुरत व बऱ्हाणपूर यांच्या कागदांत विखुरलेले आहे. महाविद्यालयीन पातळीवरील आजवरच्या लेखनाचा आधार बहुतांशी १८८० साली प्रसिद्ध झालेले खानदेश गॅझेटियर आणि इंग्रज वखारींचे मुद्रित कागद हाच राहिला आहे. मोडी व फारसी यांची गरज सर्वमान्य आहे. त्यांच्या जोडीला इंग्रजीखेरीज आणखी एखादी युरोपीय भाषा शिकावयाची तर कोणती, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो आणि विचारला गेलाच तर 'जर्मन' हे उत्तर आधीच ठरलेले असते. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी केली असून, सतराव्या शतकातील नंदुरबारच्या अभ्यासकाने डच भाषेस अग्रक्रम द्यावा असे प्रतिपादन केले आहे.

जर्मनकडील ओढा

मराठी विद्वत्तेचा जर्मनशी संबंध जुना आहे. मार्टिन हाउग आणि फ्रान्झ कीलहॉर्न हे पुण्यात, तर गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करीत होते. रा. गो. भांडारकरांना १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखठणकर बर्लिनला शिकले. इरावती कर्वे यांनीही १९३० साली बर्लिनचीच पदवी मिळविली. अशा परंपरेमुळे 'संशोधकाची भाषा जर्मन' हे समीकरण रूढ झाले यात नवल नाही. त्यातच पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमुळे व मॅक्स म्युलर भवनामुळे जर्मन शिकण्याची सोय आपल्या राज्यात झाली, डचची तशी झाली नाही. अलीकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी जर्मनीस जाण्यासाठी ती भाषा शिकतात, आणि त्यांचे अनुकरण प्राध्यापकही करतात, हे सोडून देऊ.

ही परंपरा प्रामुख्याने संस्कृतच्या व त्याला लागून असलेल्या शास्त्रांच्या अभ्यासाची आहे, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. वेद, व्याकरण, कोरीव लेख व मानवशास्त्र यांचा अभ्यास करणाऱ्यास जर्मन अपरिहार्य ठरली. तापीकाठच्या बाजारपेठांचा इतिहास लिहिणाऱ्यालाही ती तशीच अपरिहार्य आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

असे असले तरी नंदुरबारपुरता जर्मनचा एक दावा खरोखर भक्कम आहे आणि तो टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल समाजावरील मोठे मानवशास्त्रीय ग्रंथ जर्मनमध्ये आहेत. व्हिएन्नाचे प्राध्यापक विल्हेल्म कॉपर्स यांनी १९३८-३९ मध्ये झाबुआ परिसरात क्षेत्रकार्य केले. त्यांचा मध्य भारतातील भिल्लांवरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. माथियास हेर्मान्स यांचा भगोरिया भिल्लांवरील ग्रंथ १९६४ चा. झाबुआ नर्मदेपलीकडे असले तरी अक्राणी-अक्कलकुव्यातील भोंगऱ्या बाजार पाहिलेल्या कोणासही त्यांतील विषय परके वाटणार नाहीत. सातपुड्याच्या कुशीतील समाजाचा अभ्यास हे ज्याचे उद्दिष्ट आहे त्याने जर्मन शिकावी. मात्र ती शिकताना सावधपणे शिकावी, कारण कॉपर्स ज्या व्हिएन्ना संप्रदायाचे होते, तो आदिम समाजांत मूळचा एकेश्वरवाद शोधीत होता. प्रत्यक्ष पाहिलेले काय आणि सिद्धान्ताच्या चष्म्यातून दिसलेले काय, हे वेगळे काढण्यासाठी मूळ मजकूरच वाचावा लागतो.

तथापि हे ग्रंथ विसाव्या शतकातील निरीक्षणे व विवेचन आहेत. गतकाळाचे समकालीन दप्तर नव्हेत. शिवाय जर्मन संशोधनाचा मोठा भाग इंग्रजीत येत राहिला आहे. कॉपर्स व युंगब्लुट यांचे भिल्लांवरील इंग्रजी पुस्तक १९७६ साली निघाले. गुंथर सोंथायमर यांचा बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवरील १९७६ चा जर्मन ग्रंथ १९८९ मध्ये इंग्रजीत आला. डच दप्तराच्या नशिबी असे अनुवादक फारसे आले नाहीत.

रस्त्याचा इतिहास आणि वलंदेजांचे कागद

सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्यास जाणारा एक प्रमुख मार्ग व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा बऱ्हाणपुरास जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली याच रस्त्याने गेला. १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी या रस्त्याने जात असताना गुजरात-खानदेशातील भीषण दुष्काळ सुरू होता, आणि वाटेवर पडलेल्या प्रेतांची नोंद त्याने केली आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने तर नवापूरच्या सुगंधी तांदळाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. आपल्या जिल्ह्यावरील बहुतेक लेखांत हीच तीन-चार अवतरणे आलटून पालटून येतात. त्यांचा दोष नाही. परंतु हे सर्व वाटसरू होते. मुक्काम केला, दिसले ते लिहिले आणि पुढे गेले.

वलंदेजांचे तसे नव्हते. (डच लोकांसाठी मराठी कागदांत हाच शब्द आढळतो, आज्ञापत्रातील साहूकार प्रकरणातही टोपीकरांमध्ये त्यांची गणना आहे.) १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१६-१७ च्या सुमारास सुरतेत बस्तान बसविले, पुढे भडोच, खंबायत, अहमदाबाद, बऱ्हाणपूर व आग्रा येथेही तिची माणसे होती. सुरत व बऱ्हाणपूर ही दोन्ही टोके ज्याच्या हाती, त्याला मधला रस्ता वर्षानुवर्षे वापरावा लागणार हे उघड आहे. नीळ, कापड, बैल व गाड्यांचे भाडे, जकात, राहदारी, रस्त्यावरील धोका या गोष्टी अशा कंपनीच्या दृष्टीने कुतूहलाच्या नव्हत्या, हिशेबाच्या होत्या. आग्र्याच्या वखारीतील फ्रान्सिस्को पेल्सार्टने १६२६ साली सिद्ध केलेल्या वृत्तान्तात बऱ्हाणपूरचे वर्णन आहे. १६३०-३२ च्या दुष्काळाविषयी गुजरातेतील डच वखारींचा प्रमुख योहान व्हान ट्विस्ट याने लिहून ठेवले आहे. मंडीच्या नोंदीशेजारी ट्विस्टचा मजकूर ठेवून नंदुरबारच्या दुष्काळाचा विचार करण्याचे काम आपल्याच भागातील अभ्यासकाने हाती घ्यावयास हवे.

जर्मनमध्ये याला तोड काय? १६३८ साली सुरतेस उतरलेल्या मांडेल्स्लोचे प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे, पण तो सुरतेहून अहमदाबादकडे वळला. आमचा रस्ता त्याला लागला नाही.

डच कागदांचा उपयोग कोणी केलाच नाही असे नाही. डब्ल्यू. एच. मोरलँड हा सनदी अधिकारी निवृत्तीनंतर आर्थिक इतिहासाकडे वळला व पीटर गाइल या डच इतिहासकाराच्या सहकार्याने त्याने १९२५ मध्ये पेल्सार्ट इंग्रजीत आणला. ओम प्रकाश यांनी बंगालचा आणि अशिन दास गुप्ता यांनी सुरतेच्या व्यापाऱ्यांचा इतिहास या दप्तरातून उभा केला. (गंमत अशी की, दास गुप्तांचा १९७९ चा तो इंग्रजी ग्रंथ जर्मनीतील वीसबाडेन येथे छापला गेला.) महाराष्ट्रात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शिवचरित्रासाठी डच साधने वापरली. पोर्तुगीजच्या बाबतीत पांडुरंग पिसुर्लेकरांनी आणि फारसीच्या बाबतीत ग. ह. खरे व सेतुमाधवराव पगडी यांनी जे केले, त्याने मराठ्यांच्या इतिहासाचे चित्र पालटले. एकेका माणसाने एकेक भाषा नेटाने आत्मसात केल्याचे ते फळ होते. डचच्या बाबतीत त्या तोडीचे मराठी नाव घेता येत नाही, आणि सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्यास डच वखारीचे अवशेष आजही उभे असताना ही स्थिती विशेष खटकते.

एक मर्यादा येथेच नमूद करणे आवश्यक आहे. हे व्यापाऱ्यांचे कागद आहेत. रस्त्याच्या उत्तरेस डोंगरात राहणारा भिल्ल किंवा पावरा, अथवा नवापूरकडील मावची व कोकणी यांचे म्हणणे त्यांत थेट मिळणार नाही. दराच्या व भाड्याच्या आकड्यांआडून, अडवलेल्या काफिल्याच्या तक्रारीतून ते शोधावे लागेल. आपल्या जिल्ह्यात हे काम अधिक अवघड आहे आणि म्हणूनच अधिक महत्त्वाचे.

शिकण्याची अडचण

दोन्ही भाषा एकाच कुळातील आहेत. पाण्यास जर्मन 'वासर' म्हणतो, डच 'वाटर'. काळास एक 'त्साइट', दुसरा 'टेइट'. जर्मनमध्ये तीन लिंगे व चार विभक्ती आहेत. मराठी माणसास नपुंसकलिंग व विभक्ती दोन्ही नवीन नाहीत, त्यामुळे इंग्रजी भाषकाइतका तो बिचकत नाही. आजच्या डचमध्ये विभक्ती जवळजवळ लोपल्या असून लिंगभेदही दोन उपपदांपुरता उरला आहे. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, हेही आपल्या सवयीचेच. या दृष्टीने डच सोपी खरी. पण येथेच फसगत होण्याचा संभव आहे. सतराव्या शतकातील डच ही आजची डच नव्हे. शब्दलेखन अनियमित, विभक्तीचे अवशेष जागोजागी, आणि लेखनिकांचे हस्ताक्षर असे की ज्याने मोडीत डोळे फोडले आहेत त्यालाच त्याची कल्पना यावी. कापडासाठी कंपनीच्या कागदांत येणारा 'लेइवाट' यासारखा शब्द आजच्या संभाषणवर्गात शिकविला जाणार नाही.

म्हणून क्रम उलटा धरणे इष्ट. बोलणे बाजूस ठेवून वाचनापुरती भाषा घ्यावी आणि आरंभ मुद्रित साधनांपासून करावा. बटावियाच्या वखारीची १६२४ ते १६८२ या काळातील रोजनिशी आणि गव्हर्नर जनरलांची हॉलंडला जाणारी पत्रे, जी कूलहास यांनी १९६० पासून संपादित करण्यास प्रारंभ केला, ही दोन्ही छापील आहेत. हस्तलिखिते त्यानंतर. हेग येथील दप्तर मांडणीवर सुमारे बाराशे मीटर भरते. कंपनीच्या कागदपत्रांचा समावेश २००३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाला. लायडन विद्यापीठाने २००० नंतरच्या काही वर्षांत आशियाई संशोधकांना जुनी डच व लिपिवाचन शिकविण्याचे उपक्रम चालविले. आता तर त्या दप्तरातील लक्षावधी पाने संगणकाने वाचून शोधण्याजोगी करण्याचे काम नेदरलँड्समध्ये झाले असून, त्यासाठी नंदुरबार सोडावे लागत नाही.

शोधण्यात एक मेख मात्र आहे. परकी लेखनिक गावांची नावे कानाने ऐकून लिहीत. एकाच प्रवासवर्णनात एक गाव दोन तऱ्हांनी लिहिलेले आपण इंग्रजी साधनांतही पाहतो. नंदुरबार, नवापूर, थाळनेर ही नावे डच कानाला कशी ऐकू आली असतील, त्यात 'ड' कोठे आला असेल आणि 'व' चा 'ब' कोठे झाला असेल, हे संगणकास सांगता येत नाही, आणि लायडनच्या प्राध्यापकास व्यारा सोडल्यावर नवापूर किती मजलांवर, थाळनेरला तापी कोठे उतरावयाची, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ते एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यास ठाऊक आहे. एखाद्या विभागातील दोघा-तिघांनी मिळून प्रथम या मार्गावरील गावांच्या संभाव्य लेखनभेदांची सूची केली, तर भाषा पुरती येण्याआधीही कामास सुरुवात करता येईल.