प्रस्तावना : ‘वाढ नाही’ याच्या पुढे

पनवेल हे वाटेवरचं गाव. कोकणात उतरणारी आणि घाटावर चढणारी एसटी इथे थांबते. गाडीत बसलेल्या कितीतरी बायका घरून निघतानाच पाणी कमी पितात. वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसते, म्हणून तासन्‌तास लघवी रोखून धरतात. मग जळजळ सुरू झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं आणि धण्याचं पाणी प्यायचं. बहुतेक वेळा तपासणीत सापडतो तो ई. कोलाय, थिओडोर एश्चेरिच यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला आतड्यातला जंतू. योग्य औषधाने तो जातो आणि त्रास थांबतो.

ज्यांचा त्रास थांबत नाही, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. त्यांच्या रिपोर्टवर पू-पेशी भरपूर असतात आणि कल्चरसमोर दोनच शब्द असतात : ‘वाढ नाही’.

हे शब्द कसे उमटतात ते पाहू. लघवीचा थेंब माध्यमावर रेघांनी पसरायचा, ताटली रात्रभर ३७ अंशांच्या उबेत ठेवायची आणि सकाळी पाहायची. अ‍ॅक्टिनोटिग्नम शाली या जंतूला एवढा वेळ पुरत नाही. त्याला रक्त घातलेलं माध्यम हवं, कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हवी आणि दोन दिवस हवेत. तेव्हा कुठे टाचणीच्या टोकाएवढे राखाडी ठिपके दिसतात. एरोकॉकस युरिनी वाढतो, पण ओळखू येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्टॅफिलोकॉकससारखा पुंजक्यांत दिसतो, माध्यमावर स्ट्रेप्टोकॉकससारखं हिरवट कडं धरतो. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमला पेशीभित्तिकाच नाही. त्यामुळे नेहमीच्या ग्रॅम रंजनात तो दिसत नाही आणि पेनिसिलिनला दाद देत नाही. १९८१ मध्ये तो जगापुढे आला, तो मूत्रमार्गदाह असलेल्या दोन पुरुषांच्या नमुन्यांतून.

आपल्याकडे सर्वांत आधी आठवायला हवा तो क्षयाचा जंतू. आपल्या देशात तो मुळीच दुर्मीळ नाही. छातीत त्याला सगळे शोधतात, मूत्रपिंडात आणि गर्भनलिकेत मात्र तो फार उशिरा आठवतो. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खाणाऱ्या एखाद्या बाईच्या गर्भनलिका त्याने कधीच बंद केलेल्या असतात. लघवीतून त्याला पकडायचं तर पहाटेचे सलग किमान तीन नमुने लागतात आणि कल्चरसाठी कित्येक आठवडे थांबावं लागतं. जनुकीय चाचणीने आता काही तासांत उत्तर मिळू शकतं, पण ती चाचणी कुणाला तरी सुचावी लागते.

एक सावधगिरीही हवी. युरियाप्लाझ्मा निरोगी माणसांतही आढळतो, म्हणून सापडलेला प्रत्येक जंतू गुन्हेगार ठरवू नये. लक्षणं, पू-पेशी आणि पुन्हा घेतलेला नमुना, तिन्ही एका दिशेने बोट दाखवत असतील तरच औषध लिहावं.

हे जंतू दुर्मीळ आहेत की त्यांचा शोध दुर्मीळ आहे, हा प्रश्न घेऊन मी हे लिखाण केलं. कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी, गल्लीतल्या छोट्या लॅबचे तंत्रज्ञ आणि संध्याकाळच्या गर्दीत रुग्ण तपासणारे डॉक्टर, सर्वांचं इथे मनापासून स्वागत. पू-पेशी असूनही ताटली कोरी असेल, तर ती आणखी एक दिवस ठेवा. आणि तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आलेल्या बाईला तेच औषध लिहून देण्याआधी, दार लावून, तिची हकीकत पहिल्यापासून ऐका.

— पनवेल