गोमटेश्वराच्या पायाशी दोन सेनापती

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराशी मराठी वाचकाची ओळख बहुधा एका ओळीपुरती असते. मूर्तीच्या पायाशी नागरी अक्षरांत कोरलेली 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही ओळ मराठीचा आद्य शिलालेख म्हणून अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून शिकवली गेली. अक्षीचा शके ९३४चा लेख पुढे आला आणि तिचा मान डळमळला. शिवाय तिच्या जोडीची दुसरी ओळ सांगते की, गंगराजाने 'सुत्ताले', म्हणजे मूर्तीभोवतीचा प्राकार, करविला. हा गंगराज बाराव्या शतकातला. दोन्ही ओळींचे वळण एकसारखे असल्याने दोन्ही त्याच्याच काळात कोरल्या गेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात.

हा वाद मला इथे वाढवायचा नाही. माझे लक्ष त्या दोन नावांकडे आहे. चावुंडराय हा तलकाडच्या गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. अहिंसेची आणि आत्मसंयमाची म्हणून जगभर ओळखली जाणारी, सुमारे ५७ फूट उंचीची ही प्रतिमा. तिच्या पायाशी नावे आहेत ती दोन लढवय्यांची.

याचा अर्थ कसा लावायचा? आपल्याकडे या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे आहेत. अहिंसेच्या शिकवणुकीने हा देश दुबळा केला, हा एक आरोप. त्यावर उलट उत्तर असे की, छे, आमच्यातही शूर सेनापती होऊन गेले, ही घ्या यादी. मला दोन्ही सारखीच अपुरी वाटतात, कारण दोघांच्याही हातात तराजू एकच आहे, तो तलवारीचा. टेकडीवरचे लेख वाचताना मात्र निराळेच काही हाताला लागते.

आधी मूर्ती कोणाची ते पाहू. बाहुबली तीर्थंकर नाही. तो पहिल्या तीर्थंकरांचा, ऋषभदेवांचा मुलगा आणि भरत चक्रवर्तीचा धाकटा भाऊ. नवव्या शतकात जिनसेनांनी आदिपुराणात त्याची कथा सविस्तर सांगितली आणि इ.स. ९४१मध्ये पंपाने ती कन्नडमध्ये आणली. भरताने सगळी पृथ्वी जिंकली, उरला तो हा भाऊ. सैन्ये समोरासमोर उभी राहिली, तेव्हा दोन्हीकडचे मंत्री मध्ये पडले. या दोघांचा हा शेवटचा जन्म, ते काही मरायचे नाहीत. मरेल ते सैन्य, असा त्यांचा व्यवहारी हिशेब होता. म्हणून दोघांनीच लढावे असे ठरले: नजरेचे युद्ध, पाण्यातले युद्ध आणि कुस्ती. तिन्हींत बाहुबली जिंकला. संतापलेल्या भरताने चक्र सोडले, पण ते भावाला प्रदक्षिणा घालून थांबले. आणि जिंकलेल्या बाहुबलीने त्याच क्षणी राज्य सोडले.

कथेचा खरा गाभा मात्र यानंतर येतो. बाहुबली वर्षभर उभा राहिला. पायांशी वारुळे वाढली, वेली मांड्यांवरून दंडांपर्यंत चढल्या, तरी केवलज्ञान होईना. जिनसेन कारण देतात: माझ्यामुळे भरताला क्लेश झाला, ही एक बारीक सल मनात उरली होती. भरताने येऊन पूजा केली आणि ती विरली. श्वेतांबर परंपरेत कारण वेगळे आहे. तिथे आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना नमस्कार कसा करू, हा अभिमान आड येतो आणि ब्राह्मी व सुंदरी या बहिणी येऊन त्याला अभिमानाच्या हत्तीवरून खाली उतरवतात. मला जिनसेनांचे कारण अधिक खोल वाटते. अभिमान ओळखता तरी येतो. आपण दिलेल्या दुःखाची सल सद्गुणासारखी दिसते, म्हणून सुटत नाही. वेरूळच्या जैन लेण्यांत वेलींनी वेढलेला बाहुबली अनेकदा भेटतो. तिथल्या अंधारात तो एक तपस्वी वाटतो. विंध्यगिरीवर उघड्या आभाळाखाली तो पाहताना आठवण होते की हा माणूस नुकताच लढाई जिंकून आला आहे.

एका सेनापतीला हाच विषय का सुचावा, हे मग फारसे कोडे राहत नाही. चावुंडरायाने शके ९००मध्ये, म्हणजे इ.स. ९७८मध्ये, कन्नडमध्ये पुराण लिहिले. त्यात तो स्वतःच्या लढाया आणि त्यांतून मिळालेली बिरुदे सांगतो. मूर्तीचा उल्लेख नाही. म्हणून मूर्ती त्यानंतरची, ९८१च्या सुमाराची धरतात. 'गोम्मट' हे चावुंडरायाचेच घरगुती नाव असावे आणि त्याचा आपल्या 'गोमटा' या शब्दाशी संबंध आहे, असे कोल्हापूरच्या आ. ने. उपाध्यांनी दाखवले. त्याचे गुरू नेमिचंद्र यांनी त्याच्यासाठी लिहिलेला ग्रंथही 'गोम्मटसार'. म्हणजे गोमटेश्वर हा गोमट्याचा ईश्वर. देवाला भक्ताचे नाव चिकटले.

लोकांनी मात्र त्याला सहज सोडले नाही. दंतकथा अशी की, पहिल्या महामस्तकाभिषेकाला चावुंडरायाने घागरींवर घागरी दूध ओतले, पण ते मांड्यांच्या खाली उतरेना. मग एका म्हातारीने गुळ्ळकायीच्या, म्हणजे रानवांग्यासारख्या फळाच्या, पोकळ सालीतून चिमूटभर दूध आणले आणि मूर्ती आपादमस्तक न्हाली. ही गुळ्ळकायज्जी आजही मूर्तीसमोर दगडात उभी आहे. हे घडले की नाही, हा प्रश्न गौण. बाहुबलीच्या मनात जे उरले होते, तेच सेनापतीच्याही मनात उरले असणार, असे लोकांनी ओळखले होते एवढे नक्की.

आता सिद्धांत. जैन शास्त्रात हिंसेची व्याख्या प्राण घेण्यापासून सुरू होत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रमाद, म्हणजे बेसावध आणि विकारवश मन, आधी येते आणि प्राणहरण नंतर. अमृतचंद्र तर रागद्वेष उपजणे हीच हिंसा मानतात. मुनीला महाव्रत, गृहस्थाला अणुव्रत, ही पायरी त्यातूनच येते. नांगर धरणाऱ्याच्या हातून जीव मरतात, संरक्षण करणाऱ्याच्याही; गृहस्थाला वर्ज्य आहे ती संकल्पपूर्वक केलेली हिंसा. दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या जैनांना हे समजावून सांगावे लागत नाही. राजाविषयी सोमदेवसूरींनी इ.स. ९५९च्या यशस्तिलकात लिहिले: शस्त्र चालवायचे ते रणात शस्त्र घेऊन उभ्या असलेल्यावर किंवा राज्याला काट्यासारखे झालेल्यावर, दीनदुबळ्यावर नाही. ही सोय आहे का? काही अंशी आहे, असे माझे मत. कोणत्या राजाला आपला शत्रू काट्यासारखा वाटत नाही?

पण चंद्रगिरीवरचे लेख या सोयीचा आधार घेत नाहीत, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. चावुंडरायाचा स्वामी गंग राजा मारसिंह याचा लेख तिथल्या स्तंभावर आहे. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णासाठी केलेल्या मोहिमा, जिंकलेले किल्ले, पळालेले शत्रू, अशी ती लांबलचक यादी. कुठे क्षमायाचना नाही की समर्थन नाही. मग अचानक सूर बदलतो. राजाने राज्य सोडले आणि बंकापूरला अजितसेन भट्टारकांच्या सान्निध्यात तीन दिवस सल्लेखना करून देह ठेवला. साल ९७४. राष्ट्रकूट सत्ता आदल्याच वर्षी तैलपाने बुडवली होती. मारसिंहाने ज्याला त्या गादीवर बसवायची धडपड केली, तो त्याचा भाचा चौथा इंद्र इ.स. ९८२मध्ये इथेच उपवास करून गेला. त्याच्या लेखात त्याच्या चेंडूच्या खेळातल्या कौशल्याचे एवढे बारकाईने वर्णन आहे की, मरणाचा लेख आपण वाचतो आहोत हे विसरायला होते.

संशय घ्यायला जागा आहे. राज्य गेल्यावर केलेला त्याग, तो कसला त्याग? समंतभद्रांच्या नियमात सल्लेखनेला काळ सांगितला आहे: टळणार नाही असे संकट, दुष्काळ, म्हातारपण, असाध्य रोग. पराभव त्यात बसवता येईल, नाही असे नाही. पण हरलेल्या राजाला सूडाचा मार्ग मोकळा होता, निदान लढून मरण्याचा तरी होता, आणि त्या काळी त्याची वीरगळे गावोगाव उभी राहत होती. या दोघांची निषिधी उभी राहिली. शेवटच्या दिवसांत कुणाविषयी वैर उरू द्यायचे नाही, सर्वांची क्षमा मागायची आणि करायची, ही सल्लेखनेची अट आहे. आयुष्यभर शत्रू मोजलेल्या माणसाला ती उपवासाहून जड गेली असणार.

गंगराजाची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तो हरला नव्हता. त्याने चोळांकडून तलकाड जिंकले. काय हवे ते माग, असे विष्णुवर्धन म्हणाला, तेव्हा त्याने गोविंदवाडी गाव मागून गोमटेश्वराच्या पूजेला दिले. मूर्तीवरची फुले युद्धाच्या बक्षिसातून आली, हे लेखात लपवलेले नाही. पुढे त्याची आई पोचिकब्बे आणि पत्नी लक्ष्मी, दोघींनी सल्लेखना घेतली. दोघींची स्मारके गंगराजानेच उभारली. घरातल्या बायका मरणाला निःशस्त्र सामोऱ्या गेल्या आणि सेनापतीने त्यांची नोंद दगडात करवली.

ही परंपरा संपलेली नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे आचार्य शांतिसागर १९५५मध्ये आपल्याकडच्या कुंथलगिरीवर ३६ दिवसांच्या सल्लेखनेनंतर गेले. ऑगस्ट २०१५मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रताला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली.

चावुंडरायाला स्वतःला काय वाटत होते, हे कळायला एक जागा होती. विंध्यगिरीवरच्या त्यागद ब्रह्मदेव स्तंभावर त्याचा मोठा लेख होता. इ.स. १२००च्या सुमारास हेग्गडे कण्ण नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या दोन-अडीच ओळी कोरण्यासाठी त्याच्या तीन बाजू खरवडून काढल्या. मूर्तीचा वृत्तान्त त्यातच असावा. शिल्लक राहिलेल्या चौथ्या बाजूवर आहेत त्या त्याच्या लढाया.