एका वेताच्या दोन जाती

वर्गात जीवशास्त्र शिकवताना 'जात' हा शब्द बराच घोटाळा करतो. लांडग्याची जात म्हणताना आपल्या मनात एक अर्थ असतो आणि 'अल्सेशियन जातीचा कुत्रा' म्हणताना दुसरा. पहिली जात निसर्गात घडते. दुसरी माणूस घडवतो. ती तो कशी घडवतो हे पाहायला स्पॅनियलचा इतिहास सोयीचा आहे, कारण त्याची कागदपत्रे शिल्लक आहेत.

पुण्याच्या कॅम्पातल्या बंगल्यांतून आपल्याला परिचित झालेला हा लोंबत्या कानांचा, रेशमी केसांचा कुत्रा मुळात शिकाऱ्याचा नोकर. झुडपात शिरायचे, वास काढायचा, पक्षी उडवायचा, हे त्याचे काम. जॉन कायस या इंग्रज वैद्याने १५७० मध्ये इंग्लंडमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिले. त्यात स्पॅनियलची विभागणी कामावरून आहे: जमिनीवर सावज शोधणारे, पाण्यात शिरणारे आणि मांडीवर बसवायचे.

पुढची तीनशे वर्षे हे असेच चालले. वुडकॉक नावाचा लांब चोचीचा पक्षी उठवणारा तो 'कॉकर', सावज दचकवून झाडीबाहेर काढणारा तो 'स्प्रिंगर'. गंमत अशी की दोघे एकाच वेतात जन्माला येत. पिल्ले मोठी झाली की तराजू निकाल देई. २५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११ किलोंच्या आत भरला तो कॉकर. त्यापेक्षा जड झाला तो स्प्रिंगर. आईबाप तेच, जात मात्र वेगळी!

मग प्रदर्शने आली. जून १८५९ मध्ये न्यूकॅसलला भरलेले प्रदर्शन हे पहिले रीतसर श्वानप्रदर्शन मानतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' बाहेर पडला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात स्पॅनियल आहे. राजा चार्ल्सच्या काळापासून त्याच्या नावाचा स्पॅनियल बराच बदलला असावा, आणि हा बदल कोणी ठरवून केलेला नाही, असे डार्विन म्हणतो. ज्याला जो कुत्रा आवडला त्याचीच पिल्ले त्याने ठेवली, एवढ्यानेच पिढ्यान्‌पिढ्यांत रूप पालटते. नैसर्गिक निवड शिकवण्याआधी हे उदाहरण द्यावे, असे आम्हाला वाटते.

१८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळींची नोंदवही सुरू झाली. आता जात ठरू लागली ती आईबापांच्या नावांवरून. वजनाची अट १९०१ मध्ये गेली, पण तोवर कॉकरची वही वेगळी झाली होती. १८७९ मध्ये जन्मलेला ओबो नावाचा काळा कुत्रा आजच्या कॉकरचा मूळपुरुष समजला जातो. त्याचा मुलगा दुसरा ओबो अमेरिकेत जन्मला. तिथल्या लोकांनी आपल्या आवडीने कॉकर आणखी लहान, आणखी केसाळ केला. शेवटी १९४६ मध्ये अमेरिकन क्लबाने इंग्लिश कॉकरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

याची किंमत कुत्र्यांनी मोजली. कोणत्याही प्राण्याच्या दहाव्या पिढीतल्या पूर्वजांच्या जागा १०२४ असतात. मुलांना फळ्यावर मांडायला लावाव्यात. बंद वहीत या जागांवर तीच ती नावे पुन्हा येतात आणि झाकलेले दोष उघडे पडतात. किंग चार्ल्स स्पॅनियलचे नाक आवडीपायी पार चपटे झाले. तेव्हा रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने १९२६ मध्ये जुन्या, लांब नाकाच्या कुत्र्यासाठी २५ पौंडांचे बक्षीस लावले. त्यातून कॅव्हॅलियर ही जात उभी राहिली. पण तिचा पाया मोजक्या कुत्र्यांचा होता. हृदयाच्या झडपेचा विकार आणि मेंदूला अपुरी पडणारी कवटी ही दोन दुखणी आज या जातीत इतकी आहेत की २०२२ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने तिची पैदास कायद्याविरुद्ध ठरवली.

हे सगळे परक्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपल्याकडे ती वही आत्ता उघडते आहे. लातूर, सोलापूर, सांगलीकडे सडपातळ, लांब तोंडाचा, नजरेने सावज धरून धावणारा कारवानी कुत्रा आहे. काफिल्यांबरोबर आला म्हणून कारवानी, असे सांगतात. कान-शेपटीला लांब मऊ केस असले की त्याला पश्मी म्हणतात. फारसीत पश्म म्हणजे लोकर. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीकडे लक्ष दिले, म्हणून त्याला मुधोळ हाउंड हे तिसरे नाव मिळाले. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो 'कॅरॅव्हान हाउंड' आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत 'मुधोळ हाउंड'. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२० मध्ये राजपालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ हाउंड या देशी जाती नोंदवल्या. मुधोळचे मूळ क्षेत्र कर्नाटक म्हणून लागले. कुत्र्याला मात्र राज्याची सीमा ठाऊक नाही.

केसांचेच पाहा. २००९ मध्ये सुमारे ८० जातींच्या कुत्र्यांवरील संशोधन प्रसिद्ध झाले. कुत्र्यांच्या केसांतली बहुतेक विविधता तीन जनुकांतून येते, असे त्यात दिसले. लांबीचा संबंध एफजीएफ-५ या जनुकाशी आहे आणि लांब केसांचा गुण अप्रभावी आहे. म्हणजे दोन गुळगुळीत आईबापांच्या पोटी केसाळ पिल्लू येऊ शकते; मेंडेलच्या वाटाण्यांचाच हा हिशेब. असे पिल्लू ठेवायचे की वहीबाहेर काढायचे? इंग्लंडमध्ये हा निर्णय तराजूने दिला होता.

शिवाय कारवानीचे मूळ कामही गेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशाची शिकार हा गुन्हा झाला, आणि ते योग्यच झाले. पण ज्या धावण्याने हा कुत्रा घडला ती कसोटी त्याबरोबर संपली. तिची जागा प्रदर्शनातला परीक्षक घेतो की दुसरे एखादे काम, यावर पुढचे रूप ठरेल. २०१६ मध्ये मुधोळची काही कुत्री मेरठच्या लष्करी केंद्रात नेण्यात आली. तिथे कोणाचा केस किती लांब हे विचारायचे कारण नव्हते. शिकवलेले काम जमते का, एवढेच पाहायचे होते.