गुन्हा, विवाह आणि डहाणू-तलासरी

ब्रिटिश अमदानीत १८६० साली मंजूर होऊन १८६२च्या आरंभी अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेच्या ३७७व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ मानलेला शरीरसंबंध दंडनीय ठरवला, आणि तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला डहाणूचा मुलूख त्या कलमाच्या कक्षेत मुंबई शहराइतकाच आला. मात्र त्याविषयीची मराठी चर्चा शहरातच घडली. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात समलिंगी संबंधांबद्दलच्या वाचकांच्या शंकांना उघड उत्तरे दिली, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडूनही त्यांना दंड भरावा लागला. खटला ३७७व्या कलमाखाली नव्हता, हे विशेष: विषयाचा नुसता उच्चारही दंडास पात्र होता.

संघटित चळवळ त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने उभी राहिली. अशोक राव कवी यांनी १९९० साली मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला, तर पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’द्वारे हे काम मराठी वाचकांपर्यंत नेले. ३७७व्या कलमाची न्यायालयीन वाटचाल वाकडीतिकडी झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेली मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काढून घेतली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळले. २०२३ साली मात्र समलिंगी विवाहास मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला व तो प्रश्न कायदेमंडळाचा ठरवला.

विवाहाला राज्यसंस्थेची मान्यता कशी मिळते, हे पाहायचे तर डहाणू-तलासरीचा इतिहास उपयोगी पडतो. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घेणारा वारली आदिवासी येथे पत्नीसह ‘लग्नगडी’, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी बांधलेला वेठबिगार, होई. त्या दास्याविरुद्ध शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने १९४५ साली उठाव संघटित केला. पुढे १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने अनुसूचित जमातींना आपल्या कक्षेबाहेर ठेवले, त्यामुळे धवलेरी या स्त्री-पुरोहिताने गीते गाऊन लावलेले वारली लग्न रूढीच्या आधारावरच टिकते. वारली रूढीने समलिंगी जोडप्यांना स्थान दिले होते, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. परंतु विवाहाचा एकच साचा राज्यसंस्थेने सर्वांसाठी कधीच ठेवला नव्हता, एवढे तरी यातून सिद्ध होते, आणि २०२३च्या निकालानंतर समलिंगी जोडप्यांच्या वाट्याला ना कायद्याचा आधार उरला ना रूढीचा.