बंद विजेची किंमत

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, हे आपल्या जिल्ह्यात निराळे सांगावयास नको. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. कोयनानगरची बहुतेक घरे पडली. त्या दुःखापुढे विजेची गोष्ट काढणे कोणाला रुक्षपणाचे वाटेल. पण इतिहासाला तीही काढावी लागते. धरण सातारा जिल्ह्यात, परंतु वीजघर आपल्या चिपळूण तालुक्यात, पोफळीला, डोंगराच्या पोटात. ते बंद पडले आणि दीडशे मैलांवरच्या मुंबईतील कारखान्यांना त्याची झळ पोचली.

अशा हानीचा आकडा काढावयाचा कसा? वीज मंडळाचा हिशेबनीस म्हणेल, न विकलेल्या युनिटांना दराने गुणा. हिशेब चोख आहे, पण तो मंडळाच्या गल्ल्यापुरता! युनिटाची किंमत थोडी. त्यावाचून अडलेला माल आणि बुडालेली मजुरी तिच्या कितीतरी पट असते. म्हणून कोणी अर्थशास्त्रज्ञ युनिटामागे होणारे उत्पादन मोजतात. पण मग नुकसान फुगते, कारण गिरणी जादा पाळी लावून पुष्कळसे भरून काढते. दुसरे कोणी ग्राहकालाच विचारतात की, वीज जाऊ नये म्हणून तुम्ही काय द्याल? येथे गरिबाचे उत्तर लहान येते, कारण त्याचा खिसा लहान. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा एकट्या अमेरिकेच्या नुकसानीचे अंदाज ४ अब्ज डॉलरपासून १० अब्जांपर्यंत झाले. एवढ्या हिशेबी देशाची ही कथा! आपल्याकडे ३१ जुलै २०१२ रोजी ६० कोटींहून अधिक लोकांच्या मुलखात वीज गेली होती.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहा. मिरकरवाड्याला उतरलेल्या मासळीला बर्फ लागतो, आणि बर्फाला वीज. गिरणीतले सूत उद्या कातता येते. नासलेली मासळी कोणत्याही जादा पाळीने ताजी होत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे खांब आडवे झाले, आणि कित्येक गावांत वीज यावयास आठवडे लागले. नळयोजनेचे पंप थांबले की बायका कळशी घेऊन पुन्हा विहिरीवर जातात. त्या खेपांची मजुरी कोणी देत नाही, म्हणून ती कोणत्याच आकड्यात येत नाही. माझ्या मते मोजणी तेथूनच सुरू व्हावयास हवी : घरटी किती खेपा, आणि किती दिवस.